टाके न घालता आईची जखम भरेल का?

पत्र: डॉक्टर, नमस्कार. आम्ही कराड तालुक्यात राहतो. आई ६१ वर्षांची, दहा वर्षांपासून तिला साखर आहे. अठरा दिवसांपूर्वी रात्री गोठ्यात पत्र्याची कड लागून तिची डावी नडगी कापली. जखम चार बोटं लांब, दोन बोटं रुंद आणि बरीच खोल आहे. घरी हळद भरून फडकं बांधलं. दवाखान्यात नेईपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पण टाके घातले नाहीत. 'आतून भरत येईल,' एवढंच म्हणाले. आता जखमेत लाल दाणेदार मांस दिसतं, मधेमधे पिवळा थर आहे आणि ती सतत ओली असते. मामी म्हणतात, उघडी ठेवा, वारा लागला की सुकेल. भाऊ रोज बाटलीतलं जंतुनाशक ओततो. शेजारच्या काकूंनी भात, वरण, दही, अंडी, लिंबू सगळं बंद करायला लावलंय, पू होतो म्हणून. आई भाकरी-चटणीवर आहे. तिला मिश्रीचीही सवय आहे. डॉक्टरांनी हयगय केली का? जखम सडतेय की भरतेय?
(एक मुलगी)

प्रिय ताई,

आधी तुमच्या मनातली सगळ्यात मोठी शंका दूर करते. तुमच्या डॉक्टरांनी हयगय केलेली नाही. त्यांच्या जागी मी असते, तरी टाके घातले नसते.

स्वच्छ जखम पहिल्या काही तासांत समोर आली तर कडा जुळवून शिवता येते. तुमच्या आईची जखम गोठ्यातली. शेणामातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात, शिवाय इतर जंतू. जखम झाली रात्री, डॉक्टरांनी पाहिली दुसऱ्या दुपारी. तोवर जंतूंनी आत मुक्काम केलेला असतो. अशी जखम शिवली की वरून छान दिसते आणि आत पू साठत जातो, कारण बाहेर यायची वाट आपणच बंद केलेली असते. धनुर्वाताच्या जंतूला तर हवा न पोचणारी जागाच लागते. कधी कधी चार-पाच दिवस थांबून, जखम स्वच्छ झाल्यावर उशिरा टाके घालतात. पण नडगीवरची कातडी हाडावर ताणून बसवल्यासारखी असते. ओढून जुळवायला तिच्यात सैलपणा नसतो. म्हणून उघडी ठेवून तळापासून भरू देणं हाच शहाणपणाचा मार्ग होता. तो तुम्हाला दोन मिनिटं बसून समजावून सांगायला हवा होता, हे मात्र खरं. आम्ही डॉक्टर इथेच कमी पडतो, आणि मग त्या रिकाम्या जागेत मामी, भाऊ आणि काकू आपापल्या परीने उत्तरं भरतात.

इंजेक्शनबद्दल एक गोष्ट विचारून घ्या. आईच्या वयाच्या कितीतरी बायकांना धनुर्वाताची सुई शेवटची मिळालेली असते ती बाळंतपणाच्या वेळी. लहानपणीचे डोस झाले होते की नाही, कुणालाच आठवत नाही. असं असेल तर एका सुईने भागत नाही. चार आठवड्यांनी दुसरा डोस आणि पुढे सहा ते बारा महिन्यांत तिसरा घ्यावा लागतो.

आता त्या लाल दाणेदार मांसाकडे येते. तुम्हाला ते सडणं वाटतंय. मी ती पट्टी उघडली असती आणि तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल मांस दिसलं असतं, तर मला हायसं वाटलं असतं.

अठरा दिवसांत तिथे काय काय झालं असेल, ते क्रमाने सांगते. पत्रा लागल्यावर पहिल्या काही मिनिटांत रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या, त्यावर फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं गेलं आणि रक्त थांबलं. पुढचे दोन-तीन दिवस पाय सुजला असेल, गरम लागला असेल, ठणकला असेल. लोक याला बिघाड समजतात, पण ती साफसफाईची वेळ असते. रक्तवाहिन्या सैल होतात आणि पांढऱ्या पेशी जखमेत उतरतात. आधी येतात त्या जंतूंशी झुंजतात. त्यांच्यामागून मोठ्या पेशी येतात, त्या मेलेले जंतू आणि मेलेलं मांस खाऊन टाकतात. याच मोठ्या पेशी मग बांधकाम करणाऱ्या पेशींना बोलावणं धाडतात. त्या नसतील तर जखम तिथल्या तिथे अडून राहते.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भरणी सुरू होते. बांधकाम करणाऱ्या पेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार करतात आणि त्यांना रक्त पुरवायला केसाहून बारीक रक्तवाहिन्या कोंबांसारख्या फुटतात. तुम्हाला दिसणारा एकेक दाणा म्हणजे अशा रक्तवाहिन्यांचं छोटं वेटोळं. म्हणून ते मांस इतकं लाल असतं, जरा धक्का लागला की रक्त येतं, आणि तरी तिथे फारसं दुखत नाही, कारण मज्जातंतू अजून आत पोचलेले नसतात. याला मांसांकुर म्हणतात. मराठीत आपण व्रण म्हणतो तो जखम बरी झाल्यावर मागे राहिलेल्या खुणेला. संस्कृतात व्रण म्हणजे जखमच. सुश्रुतसंहितेत व्रणावरच्या साठ उपक्रमांची यादी आहे आणि शुद्ध व्रण कोणता, भरत चाललेला कोणता, भरून आलेला कोणता, यांची लक्षणं वेगवेगळी सांगितली आहेत. जखमेकडे नुसतं नीट पाहण्याला किती महत्त्व आहे, हे त्या यादीवरून कळतं.

पिवळा थर पातळ असेल, तळाला चिकटून असेल आणि त्याला घाण वास नसेल, तर तो फायब्रिन आणि मेलेल्या पेशींचा असतो. तो नखाने किंवा कापसाने खरवडू नका, खाली कोवळे मांसांकुर असतात. जाड असेल तर ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टर काढतील. पट्टीला लागणारं पिवळसर पाणी म्हणजे लस. पू दाट असतो, वाहतो, वास मारतो आणि सहसा दुखणं वाढवतो.

मग जखम बंद होते कशी? दोन कामं एकदम चालू असतात. पहिलं आक्रसण्याचं. बांधकाम करणाऱ्या काही पेशींना स्नायूसारखं आखडता येतं. जिनिव्हाच्या ज्युलिओ गब्बियानींनी १९७१ साली त्यांचं वर्णन केलं. बटव्याची नाडी ओढावी तशा या पेशी कडा आत ओढतात. पोट, मांडी, ढुंगण अशा सैल कातडीवर यानेच बरीच जखम मिटते. नडगीवर ओढायलाच कातडी कमी, म्हणून तिथे दुसऱ्या कामावर जास्त भार पडतो: कडेच्या त्वचेच्या पेशी मांसांकुरांवरून सरकत सरकत मध्यभागी येतात. गुडघा नुसता खरचटतो तेव्हा केसांची मुळं आणि घामाच्या नळ्या खाली शाबूत असतात, नवी त्वचा तिथूनही ठिकठिकाणी उगवते, म्हणून ती जखम आठ-दहा दिवसांत मिटते. खोल जखमेत ही बियाणी उरलेलीच नसतात. जे यायचं ते कडेवरूनच येणार. त्यामुळे जखम किती लांब आहे यापेक्षा किती रुंद आहे यावर वेळ ठरतो. आईच्या जखमेच्या कडेला फिकट गुलाबी, मोत्यासारखी चमकणारी बारीक किनार दिसते का, ते उद्या उजेडात पाहा. दिसली तर ती नवी त्वचा आहे.

ही किनार पुढे सरकते ती फक्त ओलसर, जिवंत पृष्ठभागावरून. कोरड्या खपलीवरून तिला सरकता येत नाही. खपलीच्या खाली बोगदा खणत जावं लागतं. मामींचं म्हणणं पिढ्यान्पिढ्या ऐकलेलं आहे, त्यांचा दोष नाही. त्यांना फक्त इतकंच विचारा: जेवताना गाल चावला जातो, ती जखम आपण कधी वाळवतो का? तोंडात वारा नाही, ऊन नाही, कायम लाळ, खपलीचं नाव नाही, आणि तरी ती दोन-चार दिवसांत गायब होते. तोंडाच्या आतली कातडी मुळातच लवकर भरणारी आहे हे खरं, पण ओलावा आड येत नाही हेही तितकंच खरं. १९६२ साली ब्रिटनमध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही पातळ प्लास्टिकने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. पुढच्याच वर्षी माणसांच्या कातडीवरही झाकलेल्या जखमा लवकर भरत असल्याचं दिसलं.

आपल्या मुंबईतही यावर सुंदर काम झालंय. वाडिया रुग्णालयातले डॉ. केसवानी यांनी १९८०च्या दशकात भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांच्या पट्ट्या वापरल्या. केळीचं पान मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही, काढताना पेशंट किंचाळत नाही आणि ओल टिकून राहते. ज्यांना महागडी ड्रेसिंगं परवडत नाहीत, त्यांच्यासाठी ही माणसं रात्रंदिवस विचार करत होती, याचा मला फार अभिमान वाटतो. ती पानं आणि साली रुग्णालयात वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली होती, हे लक्षात ठेवा. परसातलं पान तोडून आईच्या पायावर बांधू नका.

तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच: जखम झाकलेली आणि ओलसर ठेवायची, पण थबथबलेली नाही. लस फार येऊन आजूबाजूची कातडी पांढरी, सुरकुतलेली व्हायला लागली तर पट्टी कमी पडतेय. कोरडं गॉझ थेट जखमेवर नको. ते सुकून चिकटतं आणि ओढून काढताना नवी किनार उपटून येते. माझ्या शिकाऊ काळात मी अशी कितीतरी गॉझं ओढून काढली आहेत, खाली रक्त दिसलं की जखम 'ताजी' झाली असं आम्हाला वाटायचं. आज त्या पेशंटचे चेहरे आठवले की वाईट वाटतं. पॅराफिनचं गॉझ मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतं. ते आधी ठेवा, त्यावर साधं गॉझ आणि मग बँडेज. चिकटलंच तर उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग काढा. रोज उघडायची गरज आहे का, हेही डॉक्टरांना विचारा. स्वच्छ भरणारी जखम बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी उघडली तरी चालते.

भावाला बाटली बाजूला ठेवायला सांगा. जंतुनाशकाला जंतू आणि नवी पेशी यांतला फरक कळत नाही. फेस येणारं पेरॉक्साइड आणि स्पिरिटही तसंच. धुवायला पिण्याचं स्वच्छ पाणी पुरतं.

हळदीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण इथे घरोघरी मनं दुखावतात. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट देण्यात आलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवून दाखवून दिलं की आमच्या घरात हे कधीपासून चालत आलंय. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. तेव्हा हळद ही आपली जुनी ओळखीची वस्तू आहे, हे अधिकृतपणे सिद्ध झालेलं आहे. पण तिथे सिद्ध झाला तो हा वापर जुना असल्याचा मुद्दा. खोल जखम हळदीने लवकर भरते, हा मुद्दा तिथे नव्हताच. विळीवर बोट कापलं, चिमूटभर हळद दाबली, रक्त थांबलं, त्याला माझी हरकत नाही. उघड्या, खोल जखमेची गोष्ट वेगळी. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिच्यात भेसळीचा रंग असू शकतो, आणि ती लसीत कालवून सिमेंटसारखी बसते. मग खाली मांसांकुर आहेत की पू, हे मलाही दिसत नाही. आईला हळदीचं समाधान हवंच असेल तर ती भाजी-आमटीत घाला.

आता ज्यासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला बसले, ते. तुमच्या पत्रात जखमेपेक्षा मला आईच्या ताटाची जास्त काळजी वाटली.

भात खाल्ल्याने पू होत नाही. वरणाने होत नाही, दह्याने, अंड्याने, लिंबाने होत नाही. पू जंतूंमुळे होतो. त्या जखमेत रोज नवं मांस बांधलं जातंय, ते प्रथिनांचं आहे, आणि प्रथिनं ताटातूनच येतात. भाकरी-चटणीवर ठेवलेल्या बाईचं शरीर मग स्वतःच्याच दंडा-मांड्यांचं मांस मोडून जखमेला देतं. तिच्या वजनाच्या दर किलोला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं दिवसाला हवीत. वजन ५५ किलो असेल तर सुमारे ७० ते ८० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सातेक ग्रॅम. पिठलं, मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, चालत असेल तर दोन अंडी, सुकट, कोंबडीचा रस्सा. हे सगळं तुमच्या घरात, गावात मिळतंय. साखर बरीच वर्षं आहे म्हणून एकदा मूत्रपिंडाची रक्ततपासणी झालेली असू द्या. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर प्रथिनं किती द्यायची ते डॉक्टर ठरवतील.

लिंबाची गोष्ट ऐका. कोलॅजनचा धागा घट्ट विणायला क जीवनसत्त्व लागतं. १७४०च्या दशकात इंग्रज नौदलाच्या जॉर्ज अ‍ॅन्सन यांच्या जगप्रदक्षिणेत शेकडो खलाशी महिनोन्‌महिने ताज्या फळभाजीवाचून राहिले आणि त्यांना स्कर्व्ही झाला. त्यांतल्या एका म्हाताऱ्या सैनिकाला १६९०च्या बॉईनच्या लढाईत जखम झाली होती. पन्नास वर्षांपूर्वी भरलेली ती जखम जहाजावर पुन्हा उघडली. कारण व्रण कधीच पुरा होऊन थांबत नाही. त्यातले धागे शरीर कायम काढत आणि नवे घालत असतं, आणि घालायचं सामान संपलं की जुना घावही उसवतो. तेव्हा आईला लिंबू, पेरू, आवळा, कोबी, शेवग्याचा पाला द्या. आंबट बंद करायचा सल्ला आज रात्रीच्या जेवणापासून मोडा.

भात थोडा मोजून, तो साखरेसाठी, पुवासाठी नाही. रक्तात साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्त होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून पुरवठा तोकडा पडतो. या महिन्यात साखर तपासून गोळ्या पुन्हा जुळवून घ्या. आणि मिश्री. तिच्यातला तंबाखू हिरड्यांतून रक्तात जातो, निकोटीन पायाच्या रक्तवाहिन्या आवळतं. तीस-चाळीस वर्षांची सवय एका दिवसात सुटत नाही हे मला माहीत आहे, आणि त्यासाठी आईला कुणी टोचून बोलू नये. 'जखम भरेपर्यंत तरी' असं म्हणून बघा. माझ्या अनुभवात बायका स्वतःसाठी सोडत नाहीत, पण 'लवकर उठून कामाला लागायचंय' म्हणून सोडतात.

बसताना, निजताना पाय उशीवर उंच ठेवा. पाय लोंबकळत राहिला की घोट्यापासून सूज चढते आणि सुजलेल्या मांसात रक्त नीट खेळत नाही. दर रविवारी त्याच जागी, शेजारी रुपयाचं नाणं धरून जखमेचा फोटो काढा. डोळ्यांना रोज फरक दिसत नाही, फोटोत दिसतो. चार आठवडे झाल्यावर जखम साधारण निम्म्यावर आलेली असावी. नसेल तर पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी करायला सांगा, वाट बघत बसू नका.

लाली कडेपासून पसरत गेली, ठणका वाढला, घाण वास आला, मांस काळं किंवा राखाडी पडलं, ताप आला, जांघेत गाठ आली, साखर एकाएकी चढली, तर त्याच दिवशी दवाखाना. जबडा आवळल्यासारखा वाटला, तोंड उघडेना, तर त्याच तासाला मोठं रुग्णालय.

सगळं नीट चाललं तर या वयात, या जागी, साखर असताना अजून महिना-दीड महिना धरा, थोडा जास्तही लागेल. मिटल्यावर ती जागा चकचकीत आणि पातळ दिसेल, खाजेल, रंग गडद राहील, तिथे केस यायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात नव्या मांसाची ताकद मूळ कातडीच्या पाव-तृतीयांशच असते, तीन महिन्यांनी ती फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. म्हणून मिटल्यावरही तीन महिने गोठ्यात जाताना नडगीवर पट्टी आणि पायात गमबूट असू द्या. आणि ज्या पत्र्याने हे झालं, त्याची कड अजून तशीच असेल, तर भावाला बाटलीऐवजी हातोडा देऊन ती आजच आत वळवून घ्या.